गिअरबॉक्स नक्की कुठे तापतो ते बघायला काढलेली ट्रिप

गाडी नव्वदच्या दशकातली, चार गिअरची ऑटोमॅटिक, फोर बाय फोर, ट्रान्स्फर केसला (ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारा डबा) वेगळा लिव्हर. डॅशबोर्डवर इंजिनाच्या तापमानाचा काटा आहे, गिअरबॉक्सचा मात्र नाही, त्याच्या नावाने फक्त एक दिवा आहे. मागच्या ट्रिपला तो दिवा पेटला. या दिव्याची गंमत अशी की जुन्या गाड्यांत तो साधारण १५० अंश सेल्सिअसच्या आसपास लागतो, आणि तोपर्यंत तेलाचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. नॉर्मल म्हणजे ८० ते ९५, १२० च्या वर तेल भराभर खराब व्हायला लागतं. जुने मेकॅनिक एक ठोकताळा सांगतात की ८० च्या वर दर ११ अंशांना तेलाचं आयुष्य निम्मं होतं. तेव्हा दिव्यावर भरवसा ठेवणं म्हणजे आग लागल्यावर धुराचा वास घेणं.

या वेळच्या वाटेवर सपाट हायवे होता, वाळू होती आणि घाट होता, म्हणून ठरवलं की दर अर्ध्या तासाला आकडे लिहायचे, आणि कोणत्या रस्त्यावर काय होतं ते बघून मगच काही उघडायचं. आधी उघडायचं आणि मग विचार करायचा ही पद्धत मला पटत नाही, जुन्या गाडीत तर नाहीच, कारण तिथे एक नट खोलायला गेलं की तीन गंजलेले नट गळ्यात पडतात. सोबतीला काका, जन्मभर गाड्यांखाली झोपलेला माणूस, आणि ताई तिची मॅन्युअल गाडी घेऊन वाळूच्या तोंडाशी भेटणार होती.

निघायच्या आधी

गिअरबॉक्सच्या तेलाच्या कूलरकडे जाणाऱ्या गरम पाइपात टी जोडून सेन्सर बसवला आणि गेज डॅशवर. सेन्सर कुठे आहे ते महत्त्वाचं, हे लोक विसरतात. टॉर्क कन्व्हर्टरमधून (इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग) निघालेल्या तेलाच्या लाइनवर लावला तर आकडा पटकन उडतो आणि पटकन उतरतो, खालच्या पॅनवर लावला तर संथ, सरासरी दाखवतो. एकाच गाडीत दोन ठिकाणी पंधरा-वीस अंशांचा फरक सहज निघतो, त्यामुळे कुणी नुसतं "माझी ११० ला जाते" म्हणालं तर आधी विचारायचं, कुठून मोजलं. नव्या गाड्यांना ओबीडीचा (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचायचं सॉकेट) डोंगल लावला की मोबाइलवर सगळं दिसतं, पण अमेरिकेत ओबीडी-टू सक्तीचं झालं तेच १९९६ ला, आमची त्याच्या आधीची, त्यामुळे गेज आणि लेझरवाली थर्मामीटर गन एवढंच हत्यार.

तेल बघितलं. सपाट जागा, गाडी गरम, इंजिन चालू, लिव्हर सगळ्या गिअरमधून एकदा फिरवून पुन्हा पार्कमध्ये, मग डिपस्टिक. (काही गाड्यांत न्यूट्रलमध्ये बघायचं असतं, गाडीच्या पुस्तकात असतं ते.) लेव्हल बरोबर. कमी असलं तर गरम होतं हे सगळ्यांना माहीत, पण जास्त भरलं तरी होतं, कारण आतले फिरणारे पार्ट तेल घुसळतात, फेस होतो आणि फेसाने ना प्रेशर धरवतं ना उष्णता वाहवते. वास घेतला, करपट नव्हता, रंग मात्र लालचा विटकरी झालेला.

रेडिएटर बाहेरून स्वच्छ दिसत होता पण टॉर्च मारली तर एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत वाळलेला चिखल, किडे, गवताचं बी, नुसता गालिचा. इंजिनाच्या बाजूने पुढे असं हलक्या धारेने धुतलं, जोरात मारलं तर पत्रे वाकतात. फॅनचा व्हिस्कस क्लच हाताने फिरवला, थंडीत हलका आणि गरम झाल्यावर जड, म्हणजे ठीक. कूलंटच्या टाकीत तेलाचा तवंग नाही. तो असता तर ट्रिप तिथेच रद्द, कारण गिअरबॉक्सचा कूलर रेडिएटरच्याच टाकीत बसवलेला असतो आणि तो आतून फुटला की पाणी तेलात जातं, आणि आतल्या क्लच प्लेटांवरचं कागदी अस्तर पाण्याने सुटतं. पार जुना रेडिएटर असेल तर मी म्हणेन तपासत बसू नका, बदलूनच टाका.

सपाट रस्ता

सकाळी गर्दीतून सरकत निघालो तेव्हा काटा ९४. मी वहीत लिहिलं आणि मनात म्हटलं मोकळा रस्ता लागला, वारा मिळाला की ८५ वर येईल. रस्ता मोकळा लागला, ९० च्या स्पीडला गाडी लावली, आणि काटा वर. ९८, १०३, तासाभरात ११२. ना चढ, ना मागे ट्रेलर, हवा ३६ अंश होती पण ती सकाळीही काही बर्फाची नव्हती.

काका म्हणाले, "अरे हे उलटं आहे." आणि खरंच उलटंच होतं, कारण कूलर तुंबलेला किंवा वारा कमी अशी भानगड असती तर गर्दीत जास्त आणि हायवेला कमी असं दिसायला हवं होतं.

बाजूला थांबलो, इंजिन चालू ठेवलं, बॉनेट उघडून गन घेतली. चकचकीत पाइपावर गन थेट मारली तर आकडा खोटा येतो, धातू आसपासची उष्णता परावर्तित करतो, म्हणून दोन्ही पाइपांवर आधीच काळी चिकटपट्टी गुंडाळून ठेवली होती. जाणारा १०७, येणारा ८८. जवळजवळ वीस अंश उतरतायत, म्हणजे कूलर आपलं काम करतोय. इथे माझ्या मते अर्धं निदान झालं. उष्णता बाहेर पडतेय, मग ती आत जास्त तयार होतेय. बहुतेक लोक इथेच मोठा कूलर आणून लावतात, काटा खाली येतो, आणि मूळ रोग आत तसाच राहतो.

जास्त तयार कुठे होईल? चाकांजवळ गन फिरवली, एखादा ब्रेक कॅलिपर अडकून गाडी ओढत असेल तर ते चाक वेगळं सापडतं, पण चारही सारखी. ट्रान्स्फर केस टू-एच मध्ये (दोनच चाकांना ताकद), म्हणजे कोरड्या डांबरावर फोर-व्हील लावून पुढची-मागची शाफ्ट एकमेकांशी भांडतायत असंही नाही. टायर चारही एकाच मापाचे. उरला टॉर्क कन्व्हर्टर.

मग ती साधी टेस्ट. ऐंशीच्या वर स्थिर स्पीड, ॲक्सिलरेटर तसाच धरून डाव्या पायाने ब्रेक पेडलला नुसता स्पर्श, गाडी हळू होईल इतकाही नाही, आणि मागे कुणी नसताना. लॉकअप (स्थिर स्पीडला कन्व्हर्टरचे दोन्ही भाग थेट जोडणारा क्लच) लागलेला असेल तर ब्रेकचा सिग्नल मिळताच कॉम्प्युटर तो सोडतो आणि आरपीएम दोन-तीनशेने वर उडी मारतो. आमचा काटा २५०० वर होता, ब्रेकला स्पर्श केला, २५००. पुन्हा, २५००. म्हणजे लॉकअप सुटत नव्हता कारण तो लागलेलाच नव्हता.

हिशोब बघा. डोक्यावर कॅरिअर लादलेल्या अशा चौकोनी गाडीला ९० च्या स्पीडला समजा ३५ किलोवॅट लागतात, आणि लॉकअप नसताना कन्व्हर्टरमध्ये ८ टक्के घसरण धरली तर २.८ किलोवॅट नुसते तेलात जातात, म्हणजे बादलीत टाकायचे दोन हीटर रॉड गिअरबॉक्समध्ये सोडून आपण तासन्‌तास गाडी चालवतोय. लॉकअप लागला की ही घसरण शून्य.

मुक्कामाला पोहोचेपर्यंत स्पीड ७५ वर ठेवला, काटा १०४ ला थांबला. काकांचं मत, लॉकअपचा सोलेनॉइड (विजेवर चालणारा तेलाचा व्हॉल्व्ह) गेला. माझं मत, असेल, पण सोलेनॉइड पॅनच्या आत आणि पॅन उघडणं सर्वात शेवटी. क्रूझ कंट्रोलही दिवसभर सेट होत नव्हता, ते मी वहीत लिहिलंसुद्धा नाही, तीस वर्षांच्या गाडीत असल्या गोष्टी कोण मोजतो.

वाळू

ताई भेटली. टायरची हवा १८ पीएसआयवर आणली आणि आत शिरलो.

पहिल्या टेकाडावर मुद्दाम फोर-एच (चारही चाकं, हाय रेंज) मध्ये डी टाकून चढवून बघितली. काही मिनिटांत १२८. इतकं भराभर चढताना बघून पोटात गोळा येतो. लगेच थांबलो पण इंजिन बंद केलं नाही, बंद केलं की पंप थांबतो आणि गरम तेल आहे तिथेच शिजत बसतं. न्यूट्रलमध्ये टाकून १५०० आरपीएमवर धरलं, पार्कमध्ये नाही, कारण काही जुन्या गिअरबॉक्समध्ये पार्कमध्ये तेल कूलरकडे जातच नाही. चार-पाच मिनिटांत ९८ ला आला.

मग फोर-एल (चारही चाकं, लो रेंज), दुसरा गिअर, तेच टेकाड. १०४ च्या वर गेला नाही.

ताईने विचारलं, इंजिन तर जास्त ओरडतंय, मग थंड कसं? तिला असं सांगितलं की कन्व्हर्टरमध्ये एक पंखा इंजिन फिरवतं, दुसरा गिअरबॉक्सला जोडलेला, आणि दोघांमध्ये फक्त तेल. दोघांच्या वेगात जितका फरक तितकी उष्णता. वाळूत हाय रेंजला इंजिन २५०० ला आणि दुसरा पंखा जेमतेम अर्ध्या वेगाने, बाकी सगळं तेल तापवण्यात. लो रेंजला चाक तेवढंच हळू पण मधले गिअर वेग जास्त उतरवत असल्याने दुसरा पंखा इंजिनाच्या जवळपास वेगाने फिरतो, फरकच उरत नाही. हे यंत्र मुळात जहाजांसाठीचं, हरमान फ्योटिंगर या जर्मन इंजिनिअरने १९०५ मध्ये पेटंट घेतलं तेव्हा प्रश्न असा होता की स्टीम टर्बाइन जोरात फिरतं आणि प्रोपेलर हळू फिरायला हवा. जहाजाला थंड व्हायला आख्खा समुद्र होता हो, आपल्याला रेडिएटरचा एक कोपरा.

काकांनी यात भर घातली की लॉकअप क्लच पॅकार्डने १९४९ मध्ये अल्ट्रामॅटिकमध्ये दिला होता, तेलात वाया जाणारी शक्ती वाचवायला, आणि मग कितीतरी वर्षं बाकीच्यांनी तिकडे बघितलं नाही, पेट्रोल महाग झाल्यावर सत्तरच्या दशकाअखेरी सगळ्यांना आठवण झाली.

वाळूतलं तापणं आमच्या रोगाचा भाग नव्हता हे मात्र आकड्यांनी सिद्ध झालं. इतक्या कमी स्पीडला लॉकअप निरोगी गाडीतही लागत नाही.

वाळूच्या कडेला, मुक्कामाचा दिवस

सकाळी स्टार्टर जड फिरला. रात्री गाडीच्या मागच्या दारावरून ताडपत्री ओढून खाली झोपलो होतो, फ्रिज चालू होता, सगळ्यांनी फ्रिजला शिव्या घातल्या. गाडी सावलीत घ्यायला काका बसले, त्यांचा गुडघा दुखतो म्हणून ते पाय बाहेर ठेवूनच कसेबसे बसले, इंजिन चालू केलं आणि लिव्हर पार्कमधून सरळ ड्राइव्हला. पेडलवर पाय नाही. "लिव्हर हलका झालाय रे तुझा," एवढंच बोलले.

दिवसभरात जे बिनखर्चाचं ते केलं. तेलाचा थेंब पांढऱ्या टिश्यूवर टाकून ठेवला, तासाभराने कडेपर्यंत गुलाबी पसरला होता, मध्ये थोडा तपकिरी डाग. खराब तेल पसरत नाही, मध्येच काळं बसून राहतं. हे तेल थकलेलं होतं, मेलेलं नव्हतं. (या तेलांत १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत स्पर्म व्हेलचं तेल घालायचे, क्लच अलगद लागावेत म्हणून. त्यावर बंदी आली आणि मग केमिस्ट लोकांची धावपळ. हे ऐकल्यापासून मला तो लाल डबा बघवत नाही.)

मग फ्लो टेस्ट. कूलरकडून परत येणारा पाइप सोडून मापाच्या बाटलीत धरला, ताईने इंजिन आयडलला ठेवलं, वीस सेकंदांच्या आसपास एक लिटर भरलं, बंद. जितकं काढलं तितकं परत भरायचं. वीस-तीस सेकंदांत लिटर येत असेल तर कूलर आतून मोकळा, आणि थेंबथेंब येत असेल तर क्लचचा गाळ अडकलाय किंवा कुठे पाइप दबलाय असं समजायचं.

थर्मोस्टॅटचाही संशय घेऊन झाला. तो उघडा अडकला तर इंजिन गारच राहतं, आणि इंजिन ठरावीक तापमानाला आल्याशिवाय कॉम्प्युटर लॉकअप देत नाही. इंजिनाचा काटा खाली आणि मालक खूश, गिअरबॉक्स मात्र भाजतोय, असं होतं. पण गनने थर्मोस्टॅटच्या हाउसिंगवर ८७ दाखवलं, म्हणजे तोही सुटला.

घाट

चढाला ओव्हरड्राइव्ह (चौथा गिअर) बंद केलं, नाहीतर गाडी तिसऱ्या-चौथ्यात सारखी ये-जा करते आणि दर बदलाला क्लच थोडा घासतो. १०६ वर स्थिर. माथ्यावर दहा मिनिटं थांबलो.

उतार संध्याकाळी. दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिनावर, पाय जमिनीवर. ताई मागे. वॉकीटॉकीवर तिचा आवाज, "काय रे, एवढं शिकवतोस आम्हाला आणि स्वतः आख्खा घाट ब्रेकवर पाय ठेवून उतरतोयस?"

"ताई, पाय ब्रेकवर नाहीये."

"मग दिवे कोण लावतंय?"

काकांनी माझ्या पायाकडे बघितलं, मग माझ्याकडे. पुढच्या रुंद वळणावर गाडी घेतली, उतरून मागे गेलो, दोन्ही ब्रेक लाइट लालबुंद. गाडीत कुणी नाही. काका तिथेच रस्त्याच्या कडेला हसायला लागले.

टॉर्च घेऊन पेडलखाली डोकं घातलं. ब्रेक पेडलच्या दांड्याला वरती एक भोक असतं आणि त्यात करंगळीच्या नखाएवढा प्लॅस्टिकचा स्टॉपर बसवलेला असतो. पाय काढला की पेडल वर येऊन या स्टॉपरने ब्रेक स्विचची पिन आत दाबतं, दिवे बंद. तीस वर्षं उन्हात तापून तो स्टॉपर ठिसूळ झाला होता, निम्मा तुकडा भोकात लटकत होता आणि बाकीचा चुरा खालच्या मॅटवर. तुकडा पिनसमोर असला तर सगळं ठीक, धक्क्याने सरकला की पिन सरळ भोकातून आरपार, आणि स्विचच्या मते ब्रेक दाबलेला.

कॉम्प्युटरला बिचाऱ्याला काय, त्याला जो सिग्नल येतो तो खरा. ब्रेक दाबलाय म्हणजे लॉकअप नाही. क्रूझ सेट होत नव्हता तो यानेच, लिव्हर पाय न लावता पार्कमधून निघाला तो यानेच, आणि त्या रात्री ताडपत्रीखाली दिवे जळत राहिले आणि बॅटरी उतरली त्यात फ्रिजचा काही दोष नव्हता. मागच्या ट्रिपला दिवा पेटला तेव्हाही उन्हात लांबचा हायवे आणि समोरून वारा होता, आता तेही जुळलं.

टूलबॉक्समधला एक आखूड बोल्ट, पिनकडे त्याचं चपटं डोकं, मागून रबरी वॉशर आणि नट. स्विचचा लॉकनट ढिला करून पिन पुरती आत जाईल इतका पुढे घेतला, पेडलला थोडा मोकळेपणा ठेवला, कारण फार पुढे घेतला तर पेडल पूर्ण परत येत नाही आणि मग ब्रेकच खरोखर घासत राहतात. ताईने मागे उभं राहून दिवे बघितले, दाबला की लागतात, सोडला की विझतात. पंचवीसेक मिनिटांचं काम, त्यातली बरीचशी बोल्ट शोधण्यात.

परतीचा सपाट रस्ता

तोच रस्ता, तेच सामान, हवा ३५. ऐंशी ओलांडल्यावर काही सेकंदांत आरपीएमचा काटा अंगठ्याने दाबावा तसा खाली सरकला, ९० च्या स्पीडला २३००. ब्रेकला स्पर्श, २५००, सोडला, पुन्हा २३००. तासाभराने गेज ८९. दोन तासांनी ९०. काका शेजारी झोपून गेले. क्रूझ पहिल्या प्रयत्नात सेट झाला.

आता राहिलेलं काम तेवढं सांगतो. तेल बदलायचंय, आणि ते एकदा बदलून भागत नाही, पॅनचा बोल्ट काढला तर निम्म्याहूनही कमी तेल बाहेर येतं, बाकी कन्व्हर्टरमध्ये बसून राहतं. म्हणून एकदा बदलून, थोडं चालवून, पुन्हा बदलायचं. पॅन तेव्हा खाली येईलच, चुंबकावर करडी मऊ पेस्ट असेल तर चालतं, चकाकणारे कपचे निघाले तर गोष्ट वेगळी. बोल्टाच्या जागी नवा स्टॉपर, आणि क्लच पेडल असलेल्या ताईच्या गाडीत तिथेही तसाच एक असतो, तोही बघून घेतला, भेगाळलेला होता.

जास्तीचा कूलर मी लावणार आहे, पण वाळूसाठी. तिथले आकडे या दुरुस्तीने एका अंशानेही हलणार नाहीत, तिथे लवकर फोर-एल टाकायचा.